चलन आले : भरावे, की हरकत घ्यावी?



या पानावर आपण एरवी बेणे, खोडवा, पाचट, पाणी आणि खत यांचाच विचार करतो. या वेळचा विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण गळीत हंगामाच्या पाठोपाठ तो चालत येतोच. ऊस फडातून गव्हाणीपर्यंत रस्त्याने येतो. ट्रॅक्टर-ट्रॉली आली, ट्रक आला, टोळीकडे आणि गट कार्यालयाकडे हेलपाटे घालणारी मोटारसायकल आली. आणि रस्ता म्हटला की पोलीस, कॅमेरा आणि दंड आलाच. पूर्वी रस्त्यावरच पावती फाडली जायची. आता मोबाईलवर संदेश येतो आणि घरी बसलेल्या माणसाला कळते की आपल्या गाडीवर चलन झाले.

असा संदेश घेऊन गट कार्यालयात येणारे सभासद बहुधा एकच प्रश्न विचारतात, "साहेब, हे भरू, का राहू दे तसंच?" कायद्यातही वाटा दोनच आहेत, पण त्या निराळ्या. चलन मान्य असेल तर भरणे, आणि मान्य नसेल तर मुदतीत हरकत घेणे. "राहू दे तसंच" ही वाट कायद्यात कुठेच नाही.

आम्ही वकील नाही. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर वकिलाचाच सल्ला घ्यावा. पण पाचशे-हजाराच्या चलनासाठी दर वेळी वकील गाठणे कुणाला परवडत नाही. म्हणून सभासदाला स्वतःचे स्वतः ठरवता यावे, इतपत माहिती या पाठात देत आहोत.

चलन म्हणजे निकाल नव्हे

बँकेत पैसे भरताना आपण चलन लिहितो, म्हणून चलन आले की पैसे देणे लागतोच असा पुष्कळांचा समज होतो. वाहतुकीचे चलन तसे नाही. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी या गाडीने मोटार वाहन कायदा, १९८८ चे अमुक कलम मोडले, एवढे ते पोलिसांचे किंवा आरटीओचे म्हणणे असते. त्या म्हणण्यावर शेवटचा निवाडा देण्याचा अधिकार कोर्टाचा आहे.

मग आपण भरतो ते पैसे कसले? कायद्याच्या कलम २०० प्रमाणे राज्य सरकार काही गुन्ह्यांसाठी तडजोडीची रक्कम ठरवून देते. ती भरली की प्रकरण कोर्टात न जाता तिथेच मिटते. कायद्यात छापलेला दंड आणि राज्याने ठरवलेली तडजोडीची रक्कम यांत म्हणूनच कधी कधी फरक दिसतो. तडजोडीने भरायचे म्हणजे "झाले ते झाले, मिटवू या" असे म्हणण्यासारखे आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. २०१९ साली कायद्यात जी मोठी दुरुस्ती झाली, तिने कलम २०० मध्ये एक अट घातली. तडजोड करून मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी "पहिला गुन्हा" म्हणून मोजला जातो. ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्याला कलम १७७ लागते. त्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. विमा नसलेल्या गाडीला कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड आहे, शिवाय तुरुंगवासाचीही तरतूद आहे. म्हणजे आपण न केलेल्या चुकीचे पाचशे रुपये "जाऊ दे कटकट" म्हणून भरले, तर पुढच्या खऱ्या चुकीच्या वेळी आपण दुसऱ्यांदा गुन्हा करणारे ठरू शकतो. पाचशे रुपयांचा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही, तो असा.

दुसरी गोष्ट लायसन्सची. दुचाकीवर तिघे बसणे (कलम १९४ सी) आणि हेल्मेट नसणे (कलम १९४ डी) या दोन्हींत दंडाखेरीज तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. दंड भरला म्हणून लायसन्सवरची कारवाई टळतेच असे नाही. ज्याची रोजीरोटी लायसन्सवर आहे अशा ट्रॅक्टरचालकाच्या नावावर खोटी नोंद राहणे ही मोठी गोष्ट आहे. मालकाने "माझ्या खिशातून पाचशे गेले" एवढाच विचार करून चालणार नाही.

आधी चलन खरे आहे का ते पाहा

हल्ली चलनाच्या नावाने लुबाडणारे पुष्कळ झाले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर "आपले वाहतूक चलन" असा संदेश येतो आणि सोबत एक फाईल असते. फाईलच्या नावाशेवटी एपीके अशी अक्षरे असतात. ती फाईल उघडली की मोबाईल परक्याच्या ताब्यात जातो आणि बँकेतले पैसे जातात. उसाच्या बिलाचे पैसे खात्यावर जमा होण्याच्या दिवसांत तर विशेष सावध राहावे.

नियम सोपा ठेवावा. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवायचे नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर, नाहीतर केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर, आपण स्वतःहून जायचे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट "जीओव्ही डॉट इन" असा असतो. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे मागितलेले शेवटचे अंक घातले की त्या गाडीवरची चलने दिसतात. तिथे काही दिसले नाही तर संदेश पुसून टाकावा. मोबाईलमध्ये हे जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून करून घ्यावे. अनोळखी माणसाच्या हाती मोबाईल देऊ नये.

चलन वाचायचे कसे?

माती परीक्षणाचा अहवाल आपण ओळ न् ओळ वाचतो, तसे चलन वाचावे. रकमेवर नजर गेली की बाकीचे वाचायचे राहून जाते. पाहायच्या गोष्टी सात :

१. गाडीचा नंबर. अक्षरे आणि चारही अंक आपलेच आहेत का?

२. गाडीचा प्रकार. चलन ट्रॅक्टरचे, ट्रकचे की दुचाकीचे?

३. दिनांक आणि वेळ. त्या वेळी आपली गाडी कुठे होती?

४. ठिकाण. त्या रस्त्याने आपली गाडी जाते का?

५. कलम. कोणती चूक लावली आहे?

६. छायाचित्र. त्यात आपली गाडी आणि ती चूक, दोन्ही दिसतात का?

७. मुदत आणि कार्यालय. कधीपर्यंत भरायचे किंवा हरकत घ्यायची, आणि चलन कोणत्या शाखेने केले?

कॅमेऱ्याच्या किंवा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या चलनासाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ ए घालण्यात आला. त्याप्रमाणे अशा चलनासोबत चूक आणि गाडीचा नंबर स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेले माप, दिनांक, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम द्यावे लागते. यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. छायाचित्र धूसर असेल, नंबर वाचता येत नसेल किंवा चित्रात भलतीच गाडी असेल, तर हरकतीला तोच पहिला आधार होतो.

हरकत कधी घ्यावी? चार उदाहरणे

पहिले उदाहरण. समजा, ट्रॅक्टरच्या नंबरवर हेल्मेट नसल्याचे चलन आले. ऐकायला हसू येते, पण असे घडू शकते. पाटी मळलेली असते, वाचताना किंवा लिहिताना एखादा अंक चुकतो आणि दुसऱ्याच्या मोटारसायकलचे चलन आपल्या ट्रॅक्टरवर पडते. छायाचित्रात मोटारसायकल दिसते आहे आणि आरसी बुकात ट्रॅक्टर आहे. या दोन कागदांवर काम होते. अशी हरकत जरूर घ्यावी.

याच प्रकारात आणखी एक. चलनात दिलेल्या वेळी आपली गाडी आपल्या कारखान्याच्या यार्डात नंबरला उभी होती. काट्यावरच्या वजन पावतीवर गाडीचा नंबर, दिनांक आणि वेळ असते. भरल्या वजनाची वेळ आणि रिकाम्या वजनाची वेळ यांच्या मधल्या काळात ती गाडी चाळीस किलोमीटरवरच्या चौकात असू शकत नाही. ही पावती साक्षीदारापेक्षा बोलकी असते. बिल हिशोबात आले की पावत्या चुलीत घालायची सवय काही घरांत आहे, ती मोडावी. आणि आपल्याच नंबरची पाटी लावून दुसरी गाडी फिरते अशी शंका आली, तर नुसत्या चलनाच्या हरकतीवर थांबू नये. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस आपल्या दारात येतील.

दुसरे उदाहरण. समजा, दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल विकली. पैसे घेतले, चावी दिली, कागद मात्र आपल्याच नावावर राहिला. आता तिची चलने आपल्याला येतात. इथे सभासद रागाने म्हणतात, "माझी गाडीच नाही, मी का भरू?" पण कायदा कागद पाहतो. कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नमुना २९ आणि नमुना ३० हे त्याचे अर्ज. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक धरला जाईल, गाडी पुढे किती हात फिरली हे पाहिले जाणार नाही. तेव्हा चलनाची हरकत विक्रीच्या कागदासह घ्यावी, गाडी कुणाकडे आहे ते लिहून कळवावे, पण ती टिकेलच असे धरून चालू नये. वेळप्रसंगी चलन भरून, घेणाऱ्याकडून ते पैसे वसूल करून, आधी गाडी त्याच्या नावावर करून द्यावी. इथे खरा धोका चलनाचा नाही, अपघाताचा आहे.

तिसरे उदाहरण. समजा, चालकाकडे वैध लायसन्स होते, पण खिशात नव्हते. चलन मात्र "विनालायसन्स" म्हणून झाले. या दोन चुका वेगळ्या आहेत. लायसन्सच नसणे म्हणजे कलम १८१, दंड ५,००० रुपये. लायसन्स आहे पण मागितल्यावर दाखवले नाही, हा कलम १३० चा भंग आणि त्याला कलम १७७ चा छोटा दंड. विम्याचेही तसेच. विमा नसणे वेगळे, विम्याचा कागद जवळ नसणे वेगळे. चलनाच्या तारखेला लायसन्स किंवा विमा चालू होता हे दाखवता आले, तर कलम चुकले आहे अशी हरकत घ्यावी. "माझी काहीच चूक नाही" असे मात्र म्हणू नये. "चूक छोटी आहे, लावलेले कलम मोठे आहे" असे खरे तेच म्हणावे. शिवाय २०१८ सालापासून मोबाईलमधल्या डिजिलॉकर आणि एमपरिवहन यांतले कागदही चालतात. प्रत्येक चालकाच्या मोबाईलमध्ये ते हंगामापूर्वी भरून घेतले तर हा प्रसंगच येत नाही.

चौथे उदाहरण जादा वजनाचे. कलम १९४ प्रमाणे नोंदणीतल्या भारापेक्षा जास्त भरले तर २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. तीन टन जादा निघाले तर कायद्याने २६,००० रुपये होतात, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. ऊस बाजूला, मागे किंवा उंचीला मापाबाहेर गेला तरी २०,००० रुपयांची तरतूद आहे. वजनाचे चलन वजन करूनच व्हायला हवे. कलम ११४ प्रमाणे अधिकारी गाडी पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा पोहोचायच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर न्यायला सांगू शकतो. म्हणून वजनाची नोंद मागावी आणि ती आरसी बुकातल्या भाराशी ताडून पाहावी. आपल्या काट्याची पावतीही काढावी, पण ती नीट वाचून मगच जोडावी. ती दोन्ही बाजूंनी बोलते. पावतीवरच वजन जादा असेल तर हरकत घेणे म्हणजे आपल्या हाताने पुरावा देणे होय.

हरकत कधी घेऊ नये?

चूक झाली असेल तर हरकत घेऊ नये. हे आम्ही मुद्दाम वेगळे लिहीत आहोत. छायाचित्र जरा पुसट आहे म्हणून किंवा "कोर्टात पोलीस येणारच नाही" म्हणून खऱ्या चलनाशी भांडू पाहणारे काही जण असतात. रात्री ट्रॉलीच्या मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि त्याचे चलन झाले, तर ते भरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिफ्लेक्टर बसवावा. अंधारात थांबलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसत नाही. त्यात जाणारी माणसे आपल्याच गावांतली असतात. अशा चलनातून सुटलो म्हणजे जिंकलो असे मानू नये.

तसेच काही गुन्हे या पाठाच्या बाहेरचे आहेत. दारू पिऊन चालवणे, अपघात, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणे हे किरकोळ नव्हेत. शेवटच्या प्रकारात कलम १९९ ए प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, असे आहे. दहावीतल्या मुलाला "जरा ट्रॉली काट्यावर लाव" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. असा प्रसंग आला तर थेट वकील गाठावा.

हिशोब मांडून ठरवा

एकरी खर्च आणि उतारा मांडून आपण खोडवा ठेवायचा की मोडायचा ते ठरवतो. इथेही चार प्रश्न कागदावर लिहावेत.

एक : चूक खरोखर झाली का? झाली असेल तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

दोन : झाली नसेल, तर ते दाखवणारा कागद आपल्याकडे आहे का? नुसते "मी नव्हतो" हे म्हणणे झाले. वजन पावती, आरसी बुक, टोल पावती, छायाचित्र हा पुरावा झाला.

तीन : भरल्याने पुढे काय अडेल? दुसऱ्या गुन्ह्याची गणती, चालकाचे लायसन्स, मोठी रक्कम यांपैकी काही आहे का?

चार : हरकतीला खर्च किती? घरबसल्या तक्रार करायला काही लागत नाही. तालुक्याला जायचे तर दिवस जातो. वकील लावला तर त्याची फी. आपापला आकडा आपणच घालावा.

यातून साधारण असे निघते. पुरावा पक्का असेल तर रक्कम कितीही लहान असो, घरबसल्या होणारी तक्रार जरूर करावी. ती फेटाळली गेली तर कोर्टात जायचे की नाही, हे तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरवावे. रक्कम लहान, लायसन्सला धोका नाही आणि पुरावा कच्चा, अशा वेळी भरून मोकळे होण्यात कमीपणा नाही.

हरकत कशी घ्यावी?

१. रस्त्यावर वाद घालू नये. हवालदाराशी हमरीतुमरी केली तर चलन बाजूला राहते आणि सरकारी कामात अडथळ्याची भानगड मागे लागते. "साहेब, मला हे मान्य नाही, मी लेखी हरकत घेईन," एवढे शांतपणे म्हणावे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. चिरीमिरीने चलन टळल्यासारखे वाटते, पण पुढच्या खेपेला तोच हात पुन्हा पुढे येतो.

२. चलन आणि छायाचित्र संकेतस्थळावरून उतरवून त्याची छापील प्रत काढावी.

३. पैसे भरण्याआधी हरकत घ्यावी. एकदा तडजोडीची रक्कम भरली की प्रकरण मिटले असे धरले जाते.

४. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तक्रार नोंदवता येते. कागदांची छायाचित्रे जोडावीत आणि तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

५. शिवाय ज्या शाखेने चलन केले, म्हणजे जिल्हा वाहतूक शाखा, महामार्ग पोलीस किंवा आरटीओ, तिथे लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिला न दिल्यासारखाच.

६. मुदत नोटिशीवर छापलेली असते, तीच धरावी. गावातल्या कट्ट्यावर सांगितलेली मुदत धरू नये.

७. तक्रार फेटाळली आणि आपले म्हणणे पक्के असेल तर कोर्टाची वाट मोकळी आहे. काही चलने आधी आभासी न्यायालयात, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोर्टात जातात. तिथे "दंड भरतो" किंवा "मान्य नाही" असे दोन पर्याय असतात. मान्य नाही म्हटले की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे जाते. समन्स आले तर तारखेला मूळ कागद घेऊन हजर राहावे. समन्स पेटीत टाकून विसरू नये.

कॅमेऱ्याला फक्त नंबर दिसतो, म्हणून नोटीस मालकाला येते. गाडी कोण चालवत होते ही माहिती विचारल्यावर देणे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. हंगामात एका ट्रॅक्टरवर दोन-दोन चालक असतात. कोणत्या तारखेला कोणत्या खेपेवर कोण होता, याची एक वही ठेवली तर एकाची चूक दुसऱ्याच्या माथी बसत नाही.

अर्जाचा नमुना असा :

"प्रति, मा. पोलीस निरीक्षक, वाहतूक शाखा. विषय : चलन क्रमांक … बाबत हरकत. महोदय, माझ्या नावे नोंद असलेला ट्रॅक्टर क्रमांक … यावर दिनांक … रोजी … वाजता … येथे कलम … खाली चलन झाले आहे. ते मला मान्य नाही. कारण, त्या वेळी सदर ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या यार्डात होता. छायाचित्रातील वाहन माझे नाही. सोबत आरसी बुकाची प्रत, वजन पावतीची प्रत व चलनाची प्रत जोडली आहे. तरी चौकशी होऊन चलन रद्द व्हावे आणि निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती. आपला विश्वासू, (सही, पत्ता, मोबाईल क्रमांक)."

अर्जात राग, टोमणे आणि पुढाऱ्यांची नावे लिहू नयेत. वेळ, ठिकाण, कारण आणि कागद एवढे पुरते.

लोकअदालत आणि "सहा महिने" यांविषयी

राष्ट्रीय लोकअदालतीत थकीत चलने मिटवता येतात आणि तशी नोटीस मोबाईलवर येते. पण लोकअदालत तडजोडीची जागा आहे. तिथे "मी केलेच नाही" हे सिद्ध करायला जाऊ नये. तिथला निवाडा दोघांच्या संमतीने होतो आणि त्यावर अपील नसते. चूक मान्य आहे, चलने साठली आहेत आणि एकदाचे मिटवायचे आहे, अशांसाठी ती सोय चांगली आहे.

दुसरे, "सहा महिने झाले की चलन मरते" असे पुष्कळ जण सांगतात. यात थोडे तथ्य आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मुदत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ५१४ मध्ये आहे. पण तो कोर्टात मांडायचा मुद्दा आहे. संगणकावरची नोंद त्याने आपोआप पुसली जात नाही, आणि ती राहिली की गाडी नावावर करताना, पासिंगला किंवा विकताना अडचण येते. मुदतीवर भरवसा ठेवून झोपू नये.

हंगामापूर्वी एवढे करा

आरसी बुकावर आपला चालू मोबाईल नंबर आहे का ते पाहा. जुना नंबर असेल तर चलन झाल्याचे कळतच नाही आणि मुदत निघून जाते. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा नंबर स्वच्छ आणि वाचता येईल असा ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरपाटी राज्यात सक्तीची केली आहे, ती राहिली असेल तर बसवून घ्या. विमा, लायसन्स, पीयूसी यांच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहा. ट्रॉलीला मागे लाल आणि बाजूला पिवळे रिफ्लेक्टर लावा. वजन पावत्या एका पिशवीत हंगाम संपेपर्यंत, आणि चलनाचे प्रकरण चालू असेल तर ते मिटेपर्यंत, जपून ठेवा. महिन्यातून एकदा, पंधरवड्याचे ऊसबिल पाहताना, गाडीवर चलन आहे का हेही पाहा.

खरी चूक असेल तर लवकर भरा आणि ती चूक दुरुस्त करा. चूक नसेल तर भिऊन भरू नका आणि चिडून सोडूनही देऊ नका. कागद जोडा, मुदत पाळा, पोच घ्या. अर्ज लिहिताना अडचण आली तर गट कार्यालयात नि:संकोच या. वजन पावतीची दुय्यम प्रत हवी असल्यास शेतकी खात्याकडे गाडी नंबर आणि तारीख लिहून मागणी करावी.

कळावे.

आपला,
ऊसविकास अधिकारी